विरूबाईंचा सातारा : प्रस्तावना

१७४० हे साल मराठी वाचकाच्या मनात थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूशी जोडलेलं आहे. २८ एप्रिलला नर्मदेच्या काठी रावेरखेडीला बाजीराव गेले. डिसेंबरच्या १७ तारखेला पुण्यात चिमाजी आप्पांनी देह ठेवला. आणि त्यानंतर आठवडाभरातच, २४ डिसेंबरला, साताऱ्याच्या वाड्यात विरूबाई वारल्या. पहिल्या दोन मृत्यूंवर ग्रंथ आहेत, नाटकं-कादंबऱ्या आहेत. तिसऱ्याला इतिहासाच्या पुस्तकात फार तर एखादी ओळ मिळते. शाहू छत्रपतींच्या बाजूने पाहिलं तर या तिन्हींत जवळचं माणूस तिसरंच होतं. पेशवा गेला तर त्याच्या मुलाला वस्त्रं देता येत होती, आणि शाहूंनी ती नानासाहेबांना दिलीही. विरूबाईंच्या जागी बसवायला माणूस नव्हतं, कारण त्यांच्या जागेला नावच नव्हतं.

त्या नाव नसलेल्या जागेचा शोध घेणं हे या पुस्तकाचं काम आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात साताऱ्याच्या दरबारात ज्या स्त्रिया वावरल्या, त्यांच्या हाती नेमकं काय होतं, ते कुठून आलं आणि कशामुळे गेलं, हे त्यात पाहिलं आहे. सहा जणी मुख्यतः समोर येतात : शाहूंच्या मातोश्री येसूबाई, शाहूंच्या दोन राण्या सकवारबाई आणि सगुणाबाई, सेनापती दाभाड्यांच्या घरच्या उमाबाई, महाराणी ताराबाई आणि या सगळ्यांच्या मधोमध विरूबाई. पाच जणींना घराणं होतं, माहेर होतं, वंशावळीत जागा होती. सहावीला यातलं काहीच नव्हतं. तरी सुमारे तीस वर्षं वाड्याची घडी जिच्यामुळे नीट राहिली ती हीच सहावी, असं माझं म्हणणं आहे. ती गेल्यावर नऊ वर्षांत वाड्याचं काय झालं, हा या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा.

आधी प्रदेशाविषयी थोडं. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, पण हा भेद अलीकडचा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. शाहूंच्या काळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापासून कऱ्हाड, शिराळा, वाळवा ओलांडून वारणेपर्यंत एकच सलग मुलूख होता आणि वारणा ही साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या छत्रपतींमधली सीमा होती. या पट्ट्यातली गावं पुस्तकात पुन्हा पुन्हा येतील. तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचं, म्हणजे ताराबाईंच्या माहेरचं गाव. कण्हेरखेड शिंद्यांचं. ब्रह्मेंद्रस्वामींमुळे नावाजलेलं धावडशी साताऱ्याहून जवळच आहे. उंब्रजला शाहू शिकारीसाठी मुक्काम ठोकून राहत. जखिणवाडी कऱ्हाडजवळ. आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं माहुली, जिथे या घराण्यातल्या अनेकांचा शेवट झाला.

गोष्ट सुरू होते ती मात्र या मुलुखाबाहेर, रायगडावर. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली तेव्हा येसूबाई गडावर होत्या. त्या शिर्क्यांच्या लेक. नवऱ्याच्या हयातीतच त्यांच्या नावाचा शिक्का चालत होता : ‘श्री सखी राज्ञी जयति’. संकट आलं त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. सात वर्षांच्या शाहूंना गादीवर बसवून आपण कारभार हाती घ्यायचा, ही एक. धाकट्या दिराला, राजाराम महाराजांना, पुढे करून त्यांना गडाबाहेर सुखरूप काढायचं आणि आपण मुलासह मागे राहायचं, ही दुसरी. त्यांनी दुसरी धरली. राजाराम पुढे जिंजीला पोचले आणि राज्य टिकलं. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई शाहूंसह मोगलांच्या हाती सापडल्या.

इथून पुढची अठरा वर्षं शाहूंच्या स्वभावाच्या मुळाशी आहेत. सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत हा राजपुत्र औरंगजेबाच्या फिरत्या छावणीत, तंबूंच्या शहरात वाढला. त्याच्याभोवती मराठी फौज नव्हती, मंत्रिमंडळ नव्हतं, गड नव्हता. आई होती. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा बेगम या पोरक्या मुलावर माया करत होती. छावणीतच त्याची लग्नं लागली, सिंदखेडच्या जाधवांच्या आणि कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या मुलींशी. याच लग्नांच्या निमित्ताने विरूबाई दासी म्हणून त्याच्या आयुष्यात आल्या. बादशहाने नव्या सुनेला पाहायची इच्छा सांगितली, तेव्हा खऱ्या राणीला पुढे न करता तिच्या जागी या दासीला नटवून नेलं, असं सांगतात. कथा जशीच्या तशी खरी धरायची गरज नाही. मात्र ज्या बाईविषयी पुढच्या काळाला अशी कथा सांगावीशी वाटली, तिच्यावर घराण्याची अब्रू सोपवता येते असा लौकिक होता, एवढं त्यातून निश्चित निघतं. शाहूंच्या बाबतीत विश्वास आणि नातं या गोष्टी छावणीत, बायकांच्या तंबूत घडल्या. साताऱ्याचा राजा झाल्यावरही त्यांनी राज्य केलं ते याच शिकवणीवर : माणूस जोडायचं, दुखावलेल्याला भेटून समजावायचं, शक्यतो कुणाला तोडायचं नाही.

मे १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली, पण येसूबाईंना ओलीस म्हणून मागे ठेवून घेतलं गेलं. शाहूंच्या परतीच्या वाटेवर पारद गावी लढाई झाली आणि गावचा लोखंडे पाटील पडला. त्याच्या बायकोने आपला लहान मुलगा शाहूंच्या पालखीत घातला, ही कथा प्रसिद्ध आहे. पहिल्या विजयाची आठवण म्हणून मुलाचं नाव फत्तेसिंह पडलं. हाच पुढे अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा मूळपुरुष. त्याला वाढवलं विरूबाईंनी, आणि मुलाच्या नात्याने त्यांचे अंत्यविधी केले तेही त्यानेच. राजाने एका शत्रूच्या मुलाला जवळ केलं आणि पदरी मूल नसलेल्या एका बाईला मुलगा मिळाला, अशी ही जोडणी आहे. साताऱ्याच्या वाड्यातली बरीच नाती रक्तापेक्षा अशा जोडणीतून झालेली दिसतात.

१२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. डोंगरावर अजिंक्यतारा आणि खाली शाहूनगर, असा नवा सातारा आकाराला येऊ लागला. यवतेश्वराच्या बाजूने पाणी आलं, वाडे उठले, पेठा वसल्या. या दरबाराची एक खासियत आहे, ती लक्षात न घेता त्यातल्या स्त्रियांचं बळ कळणार नाही. राज्य वाढत होतं बाहेर, म्हणजे माळव्यात, गुजरातेत, वऱ्हाडात, कर्नाटकात. ते वाढवणारे सरदार वर्षातले बहुतेक महिने स्वारीवर असत. राजा मात्र साताऱ्यात किंवा आसपास असे. शिकार, मासेमारी, कुत्री, पक्षी, बागा हे त्याचे शौक सर्वांना माहीत होते. वाघापासून जीव वाचवणाऱ्या लाडक्या कुत्र्याची समाधी माहुलीला आहे. सरदाराला सनद हवी, सरंजाम वाढवून हवा, दुसऱ्या सरदाराशी तंटा मिटवून हवा, तर शिक्का साताऱ्यातच उठायचा. म्हणून प्रत्येक मोठ्या घराचा कारकून साताऱ्यात बसलेला असे आणि तो धन्याला लिहीत असे : महाराज आज काय म्हणाले, कुणावर रुष्ट आहेत, कुणाची अर्जी कुणाच्या हातून पोचली.

अशा दरबारात राजाच्या जवळ असणं हीच मोठी दौलत होती. अष्टप्रधानांपैकी कुणीही वाड्याच्या आतल्या चौकात पाऊल टाकू शकत नव्हता. तिथे खासगीचा कारभार चाले : मुदपाकखाना, जामदारखाना, दागिने, लुगडी-शेले, सणावारांची देणी, लग्नकार्यं, आल्यागेल्याचा मानपान, राण्यांच्या नेमणुका, कुणबिणींची व्यवस्था. हे सगळं विरूबाईंच्या देखरेखीखाली होतं. त्या राणी नव्हत्या. जुन्या कागदांत आणि बखरीत त्यांचा उल्लेख उपस्त्री, नाटकशाळा अशा शब्दांनी होतो. या शब्दांमुळे नंतरच्या लेखकांनी त्यांना शोभेच्या यादीत टाकलं. पण पेशव्यांपासून सगळे कर्ते पुरुष त्यांची मर्जी सांभाळत होते, ते उगाच नव्हे. महाराजांचं मन कधी, कोणत्या बाजूने वळवता येईल हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय त्यांना स्वतःसाठी मागायचं थोडंच होतं. माहेर नाही म्हणून भावाला वतन नको. पोटचा वारस नाही म्हणून गादीवर डोळा नाही. दरबारात ज्याचा स्वार्थ दिसत नाही त्याच्या शब्दाला वजन येतं. विरूबाईंचं उणं तेच त्यांचं बळ झालं.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. त्याच्या आधी शंभर वर्षं इंग्लंडमध्ये स्टुअर्ट घराण्याचा पहिला राजा जेम्स गादीवर आला, तेव्हा त्याच्या राणीच्या, म्हणजे डेन्मार्कच्या अ‍ॅनच्या, अंतःपुरात जागा मिळवण्यासाठी सरदारांच्या बायकांची धावपळ झाली. १६०३ मध्ये बेडफर्डची काउंटेस ल्यूसी हॅरिंग्टन राणीला भेटायला थेट स्कॉटलंडच्या दिशेने निघाली आणि सगळ्यांच्या आधी पोचून तिच्या खास सेविकांत सामील झाली. पुढची कित्येक वर्षं दरबारातल्या नेमणुका, लग्नं आणि कवींचा आश्रय तिच्या शब्दावर हलत होता. जॉन डन आणि बेन जॉन्सन यांच्यासारखे कवी तिच्या आश्रयाला होते. त्याच दरबारातली अ‍ॅन क्लिफर्ड वडिलांच्या जहागिरीसाठी खुद्द राजापुढे उभी राहिली. १६१७ मध्ये जेम्सने निवाडा तिच्याविरुद्ध दिला, तिने तो मानला नाही, आणि १६४३ मध्ये पुरुष वारस संपल्यावर जहागीर तिच्याकडे आली. ल्यूसी आणि विरूबाई, अ‍ॅन क्लिफर्ड आणि उमाबाई यांना शेजारी ठेवून पाहावं असा मोह होतो, आणि तो पुष्कळ अंशी योग्यही आहे. फरक आहे तो कागदांचा. अ‍ॅन क्लिफर्डने स्वतःची रोजनिशी लिहिली, आपल्या आयुष्याचा हिशेब स्वतःच्या शब्दांत ठेवला. आपल्या स्त्रियांची पत्रं आहेत, आज्ञा आहेत, शिक्के आहेत, पण त्या बोलतात ते कामापुरतं. त्यांच्या मनातलं ऐकायचं तर पुरुषांच्या पत्रांमधल्या तक्रारी, विनवण्या आणि भीती वाचाव्या लागतात.

अशा वाचनासाठी सातारा-सांगलीइतका संपन्न प्रदेश दुसरा नाही. १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून आलेल्या ग्रँट डफने इथे बसून कागद जमवले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिलेली बखर शाहूंच्या चिटणिशी घराण्यातच जन्मली. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी साताऱ्यात कागद, चित्रं, पत्रं यांचा संग्रह उभा केला. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार त्यांच्यामुळेच वाचकांपर्यंत पोचला. मिरजेला शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडामागून खंड काढले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून आणले. या सगळ्यांनी स्त्रियांसाठी वेगळा खंड केला नाही, पण कुठला कागद कुठल्या बाईच्या आग्रहामुळे लिहिला गेला हे त्यांच्या संग्रहांतूनच कळतं. ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारात तर राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या स्त्रियांची रीघ आहे. स्वामी छत्रपतींचे, पेशव्यांचे, आंग्र्यांचे गुरू. त्यांच्यापुढे मांडलेलं दुखणं योग्य माणसापर्यंत पोचतं हे या स्त्रियांना पक्कं ठाऊक होतं.

येसूबाईंकडे परत येऊ. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ सय्यद हुसेन अलीबरोबर दिल्लीला गेले, चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्याच फेरीत येसूबाई सुटल्या. रायगड पडल्यापासून तीस वर्षं झाली होती. सनदांचं राजकीय मोल मोठं, पण शाहूंनी बाळाजी विश्वनाथांच्या घराण्यावर पुढे जो अढळ विश्वास टाकला त्यात आई परत आणून दिल्याचं ऋणही होतं, असं मला वाटतं. येसूबाईंनी साताऱ्यात राजकारण केलं नाही. त्यांचा मान मोठा होता. माहुलीच्या परिसरात त्यांची समाधी दाखवतात.

दुसरी मोठी बाई साताऱ्यात आली ती कैदी होऊन. १७३० च्या सुमाराला वारणेच्या खोऱ्यात कोल्हापूरचे छत्रपती दुसरे संभाजी महाराज आणि उदाजी चव्हाण यांची धामधूम चालली होती. बत्तीस शिराळ्याचा हा प्रदेश उदाजींच्या दाबाखाली होता. शाहू उंब्रजच्या बाजूला शिकारीत असताना उदाजींनी मारेकरी पाठवले, ते महाराजांसमोर येऊन गांगरले आणि महाराजांनी त्यांना सोडून दिलं, असं सांगतात. पुढे शाहूंच्या प्रतिनिधींनी वारणाकाठी कोल्हापूरकरांची छावणी मारली, तेव्हा राजस्त्रिया हाती लागल्या. त्यांत ताराबाई होत्या. बाकीच्यांना शाहूंनी सन्मानाने परत पाठवलं. ताराबाई म्हणाल्या, तिकडे गेले तरी कैदच, मग इथेच राहते. यात विनोद नव्हता. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी त्यांना आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं होतं. फेब्रुवारी १७३१ मध्ये जखिणवाडीला दोन्ही छत्रपती भेटले, एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला आणि वारणा ही हद्द ठरली. आज सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची सीमा मोठ्या लांबीवर त्याच नदीने आखलेली आहे. त्या तहाच्या आगेमागेच साताऱ्याच्या किल्ल्यावर ताराबाईंचा मुक्काम सुरू झाला. १७०० मध्ये नवरा गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी झुंजलेली, साताऱ्याचा किल्ला मोगलांकडून परत घेणारी ही बाई आता त्याच किल्ल्यावर मानाच्या कैदेत होती. वय पंचावन्नच्या पुढे. अजून तीस वर्षं तिला जगायचं होतं.

त्याच १७३१ मध्ये, एप्रिलच्या पहिल्या दिवशी, गुजरातेत डभईला बाजीरावांशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. त्यांच्या आई उमाबाई तळेगावला होत्या. शाहूंनी स्वतः तळेगावला जाऊन त्यांची समजूत घातली. बाजीरावांना त्यांच्या पायांवर घातलं, उमाबाईंच्या हाती तलवार देऊन ‘हवं तर सूड घ्या’ म्हटलं, असं परंपरा सांगते. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं आणि खरा कारभार उमाबाईंनी केला. पुढच्या वर्षी त्या फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या. सप्तशृंगगडाच्या पायऱ्या ज्यांनी बांधवल्या त्या याच. उमाबाई साताऱ्यात राहत नव्हत्या, पण साताऱ्याचं राजकारण त्यांना वगळून चालत नव्हतं. विधवा बाई सेनापतिघराची धुरा वाहते आणि छत्रपती तिच्या दारी जातात, हे या दरबारातलं वास्तव होतं. मात्र ही धुरा मुलाच्या नावाने चालायची, हेही तितकंच खरं.

आता वाड्यातल्या दोन राण्या. सकवारबाई शिर्क्यांच्या, सगुणाबाई मोहित्यांच्या. दोन्ही घराणी तोलामोलाची, आणि लग्नांचे धागे दूरवर पोचलेले. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची सोयरीकही शाहूंनी शिर्क्यांच्याच घरात करून दिली होती. प्रत्येक राणीचा वेगळा संसार, वेगळे कारभारी, वेगळी माणसं आणि वेगळं कर्ज. विरूबाई असेतोवर हे सगळं एका छपराखाली नांदलं. त्या गेल्यावर फार दिवस गेले नाहीत तोच राण्यांच्या मागण्या, रुसवे आणि देणी यांचा भार थेट राजावर आणि त्याच्या मार्फत पेशव्यांवर येऊन पडला. वाड्यातला बेबनाव हा दरबारी राजकारणाचा भाग झाला. १७४७ मध्ये शाहूंनी नानासाहेबांचं पेशवेपद थोडे दिवस काढून घेतलं, त्या काळात वाड्यातल्या आणि बाहेरच्या असंतुष्टांचे सूर जुळलेले होते. ऑगस्ट १७४८ मध्ये सगुणाबाई वारल्या. राजा थकला होता, मुलगा नव्हता, आणि वारस कोण हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता.

इथे ताराबाई पुन्हा पुढे आल्या. आपल्या मुलाचा मुलगा, आपला नातू, गुप्तपणे वाढवला आहे, असं त्यांनी शाहूंना कळवलं. हाच रामराजा. सकवारबाईंना हे मान्य नव्हतं. रामराजा आला म्हणजे ताराबाई आल्या, आणि आपण वाड्याच्या एका कोपऱ्यात, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कोल्हापूरच्या संभाजींशी संधान बांधायचा प्रयत्न केला. संशय येऊ नये म्हणून, महाराजांचं काही झालं तर आपण सती जाणार, असं त्या बोलत राहिल्या, असं ग्रँट डफ लिहितो. तेच बोलणं पुढे त्यांच्यावर उलटलं. शाहूंनी अखेरच्या काळात स्वतःच्या हाताने दोन याद्या लिहून राज्याचा भार पेशव्यांवर सोपवला. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज गेले. त्यानंतर सकवारबाईंना निरोप गेला तो मोठ्या आदबीचा : आपण सती जाऊ नये. सगळ्या गावात आधीच गाजलेल्या निश्चयावरून मागे फिरणं म्हणजे घराण्याची नाचक्की, हे निरोप पाठवणाऱ्यांना कळत होतं, आणि भाऊ कुवरजी शिर्के यांनाही बहिणीची समजूत काढायला वळवण्यात आलं, असं डफचं म्हणणं. माहुलीच्या संगमावर सकवारबाई चितेवर चढल्या.

या प्रकरणाचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. नानासाहेब पेशवे दोषी की नाही, यावर जुन्या लेखकांत वाद झाले आहेत. पुस्तकात दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले आहेत. माझा भर वेगळ्या मुद्द्यावर आहे. सकवारबाईंकडे माहेर होतं, पट्टराणीचा मान होता, नागपूरपर्यंत सोयरीक होती, पदरी माणसं होती. यातलं एकही बळ नवऱ्याच्या मृत्यूनंतर चोवीस तास टिकलं नाही. कारण ते सगळं राजाच्या श्वासावर उभं होतं. खुद्द माहेरच्या भावाला वश करता आलं, तर माहेराच्या आधाराची किंमत काय उरते? दरबारातल्या स्त्रीचं बळ कशावर टेकलेलं आहे, हे तिच्या वैभवाच्या दिवसांत दिसत नाही. ते दिसतं राजाच्या तेराव्याच्या आत.

या कसोटीला उतरली ती एकटी ताराबाई. जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर आला. त्याच वर्षी सांगोल्याला त्याने राज्याचा सगळा अधिकार पेशव्यांच्या स्वाधीन केला. २४ नोव्हेंबर १७५० ला, चंपाषष्ठीच्या निमित्ताने किल्ल्यावर बोलावून, पंचाहत्तर वर्षांच्या आजीने नातवाला कैद केलं. उमाबाई दाभाडे ताराबाईंच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि दमाजी गायकवाड गुजरातेतून फौज घेऊन साताऱ्यावर आले. वेण्णेच्या काठी त्यांचा बीमोड झाला, पण किल्ला मात्र ताराबाईंच्याच हाती राहिला. शेवटी पेशव्यांना त्यांच्याशी बोलणं लावावं लागलं. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला शपथा झाल्या आणि तिथे ताराबाईंनी रामराजा आपला नातू नव्हेच असं सांगितलं. यातलं खरं काय, नातू की तोतया, यावर जन्मभर वाद घालता येईल. ताराबाईंना मात्र त्या वादाने काही फरक पडला नाही. पानिपत, नानासाहेबांचा मृत्यू, सगळं पाहून डिसेंबर १७६१ मध्ये त्या साताऱ्यात वारल्या. त्यांचं बळ राजाच्या मर्जीवर नव्हतं, किल्ल्याच्या दरवाज्याच्या किल्ल्यांवर होतं.

पुस्तकाची रचना याच अंगाने केली आहे. पहिला भाग मोगल छावणीचा, दुसरा विरूबाईंच्या वाड्याचा. तिसऱ्या भागात वारणेचं खोरं आणि तळेगाव येतात, चौथा १७४० नंतरच्या नऊ वर्षांचा, आणि पाचवा ताराबाईंच्या किल्ल्याचा. शेवटी एक लहान प्रकरण पुढच्या शतकातलं आहे. जतच्या डफळे संस्थानाचं. १८४१ मध्ये साताऱ्याकडून संस्थान परत मिळालं, तेव्हा कारभार भागीरथीबाईंच्या हाती आला. विधवा, दत्तक आणि वरची मंजुरी या तीन खुंट्यांना बांधलेला त्यांचा अधिकार पाहिला की शंभर वर्षांत काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे कळतं. शाहूंच्या काळात मंजुरी देणारा राजा होता, आता कंपनी सरकार होतं. मागणारी बाई त्याच अवस्थेत होती.

वाचकाला एक विनंती. या स्त्रियांना थोर किंवा कारस्थानी अशा दोन रांगांत उभं करायची आपल्याला सवय आहे. ताराबाई पहिल्या पंचवीस वर्षांत रणरागिणी आणि शेवटच्या पंचवीस वर्षांत कजाग म्हातारी, सकवारबाई पतिव्रता, विरूबाई तर रखेलीच, असे शिक्के तयार असतात. ते बाजूला ठेवून प्रत्येकीविषयी चार साधे प्रश्न विचारावेत. हिच्या नावावर काय होतं? कुणाच्या नावाने ती बोलत होती? निरोप कुणाच्या हातून जात होता? आणि ज्याच्या जोरावर ती उभी होती तो माणूस गेला तेव्हा काय उरलं? हे प्रश्न लावले की सांगोल्याचा करार निराळा दिसू लागतो. छत्रपतींचा अधिकार पुण्याला गेला तो नानासाहेबांच्या बुद्धीमुळे आणि रामराजाच्या दुबळेपणामुळे, असं आपण शिकलो. ते खरंच आहे, पण अपुरं आहे. सातारा घसरायला लागला तो १७४० च्या डिसेंबरात, वाड्याला एकत्र बांधणारी बाई गेली तेव्हा. तिची जागा राज्याच्या व्यवस्थेत कधी मांडलीच गेली नव्हती, म्हणून ती रिकामी झाल्याचंही कुणाच्या वेळेत लक्षात आलं नाही. पुढच्या पानांत ती जागा मांडण्याचा हा प्रयत्न आहे.